कोरड्या तळ्याची राखण

रूझेना बारोखोवा तळ्याच्या तळाला कधी नावं ठेवत नसे. माणसांना ठेवायची, पावसाला ठेवायची. सरकारी मत्स्यविभागाच्या साहेबांना तर तिनं एकेक वेगळं नाव दिलं होतं. पण शरदात पाणी उतरलं, काळा गाळ उघडा पडला आणि कोणी नाक दाबून म्हणालं, "काय हा चिखल!" की ती तिथल्या तिथे वळायची.

"चिखल तुझ्या डोक्यात. हा तळ आहे."

आमच्याकडच्या तळ्यांच्या राखणदारांची ती रीतच. तळाला नावं ठेवली तर तळ पाणी धरत नाही, असं तिचा बाप म्हणायचा, आणि त्याचा बापही. परक्या माणसासमोर तर तळाची स्तुतीच करायची, मुलगी दाखवताना करतात तशी. वाईट असेल ते घरात बोलायचं.

तिचं घर तळ्याच्या पाळीवर, बांधावरच होतं. एका बाजूच्या खिडकीतून पाणी दिसायचं, दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून खाली व्रबीना, आमचं गाव. गावाची खालची आळी पाळीच्या अगदी पायाशी. अकरा घरं, त्यातलं एक आमचं. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच गावात पाणी डोक्याच्या वर असतं.

तळी तीन, एकाखाली एक. वरचं चेला, मधलं कोठारी, सगळ्यात खालचं आणि मोठं मठाधीश. नावं शेजारच्या मठातल्या ख्रिस्ती साधूंनीच ठेवलेली. दलदलीत कुदळ मारून त्यांनी ही तळी केली, पाण्यासाठी चार कोसांवरून कालवा आणला. मग सव्वादोनशे वर्षांपूर्वी सम्राटानं मठ मोडला, साधूंना निरोप दिला आणि इमारत विकली. तेव्हापासून त्या भिंतींनी जे जे म्हणून पाहिलं, ते एका जन्मात मावणारं नाही. साधूंच्या जेवणघरात आधी लोकर पिंजायचे, मग इथल्या जहागीरदाराचे, काउंटचे, घोडे बांधायचे, मग सैन्य आलं. फळबागेची झाडं तोडून कवायतीचं मैदान झालं. युद्धानंतर सत्तेवर आलेल्या पक्षानं तिथं वेड्यांचं इस्पितळ काढलं, आणि मैदानात कोबीचे वाफे आले. माझ्या आईला आठवतंय, साधू जिथून जप करत फिरायचे त्या ओवऱ्यांमध्ये चादरी वाळत असायच्या. आता कोबीच्या जागी गाड्या लागतात.

तळी मात्र कोणी मोडली नव्हती. धनी बदलले तरी नाताळात कार्प मासा सगळ्यांनाच लागतो. काउंटला लागायचा तसाच पक्षालाही. त्यामुळे राखणदारही कोणी बदलला नाही. बारोख घराण्याच्या पाच पिढ्या त्या घरात गेल्या. रूझेनाच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून फळ्या तिच्या हाती आल्या.

फळ्या म्हणजे मोरीच्या, तळ्याचं पाणी सोडायच्या दाराच्या. पाळीजवळ पाण्यात एक उभा चौकोनी खांब असतो, त्याच्या खाचांमध्ये ओकच्या फळ्या एकावर एक बसवलेल्या. एक फळी काढली की पाणी वीतभर उतरतं. मठाधीश रिकामं करायला नऊ दिवस लागायचे. घाई केली तर मासा गाळात रुतून मरतो, फार उशीर केला तर थंडी पडते. रूझेनामावशी खांबाला कान लावून बसायची आणि मग सांगायची, "उद्या दुपारी दुसरी." तिचा नवरा चार वर्षं हे बघत राहिला, नंतर शहरात ट्राम चालवायला गेला. जाताना म्हणाला म्हणे, की मी कधी खांबाला कान लावून त्याच्या मनातलं ऐकणारी बाई बघितली नव्हती. ती म्हणाली, "खांब खोटं बोलत नाही."

तिचं एक दुःख होतं आणि ते साऱ्या गावाला पाठ होतं. साधूंच्या काळापासूनचा नियम असा, की सहासात वर्षांनी तळ्याला एक उन्हाळा विश्रांती द्यायची. मासे काढून झाले की पाणी परत भरायचं नाही. हिवाळ्यात गाळ गोठू द्यायचा, वसंतात त्यात ओट पेरायचे, उन्हाळ्यात कापायचे आणि शरदात फळ्या घालायच्या. गाळाला हवा लागते, माशांचे रोग मरतात, पुढची पाच वर्षं मासा लोण्यासारखा होतो. रूझेनामावशी अकरा वर्षांची असताना हे शेवटचं झालं होतं. ओट एवढे वाढले होते, की पीक बघायला उतरलेल्या बापाची नुसती टोपी दिसत होती. पुढे ती स्वतः राखणदार झाल्यावर दर वर्षी साहेबांकडे जायची आणि दर वर्षी एकच उत्तर घेऊन यायची.

"बारोखोवा, आमच्या योजनेत मासे आहेत. ओट दुसऱ्या खात्याच्या योजनेत आहेत."

योजना पुरी करण्यासाठी तळ्यात धान्य ओतलं, शेण ओतलं, आणखी कसल्या कसल्या पोत्यांतली पांढरी पूड ओतली. मासे वजनाला वाढले, गाळही वाढला. मग पक्ष गेला, योजना गेली, इस्पितळ हललं. मठ दहा वर्षं कबुतरांकडे होता. आणि मग इंजिनियर हालूझा आला.

हालूझा वाईट माणूस होता असं मला म्हणता येत नाही. न्हाणीघराच्या फरश्या विकून त्यानं पैसा केला होता. त्यानं मठ घेतला, तळ्यांसकट. देवळाचं छप्पर स्वखर्चानं केलं, हॉटेल काढलं, गावातल्या बावीस जणांना काम दिलं. माझ्या आईच्या, द्राहाच्या, दुकानातून रोज सकाळी हॉटेलात पाव जायला लागले. शहरातली लग्नं व्हायला लागली. हालूझा प्रत्येकाशी हसून बोलायचा, रूझेनामावशीच्या स्वयंपाकघरात बसून लसणाचं सूप प्यायचा आणि तिला आजी म्हणायचा. ती तेव्हा सत्तरीची होती. थोडा पगार आणि राहायला घर एवढ्यावर तिनं तळ्यांची राखण चालूच ठेवली होती.

त्या सप्टेंबरात ती पाळीवर त्याला गाठून म्हणाली, "साहेब, मठाधीश आजारी आहे."

तो हसला. "इथे मठाधीश सापडला तर मला सांगा आजी, त्याच्याबरोबर पाहुण्यांचे फोटो काढू."

"थट्टा नको. हे पाणी बघा, मटारच्या सुपासारखं झालंय. एक उन्हाळा कोरडं ठेवायला पाहिजे."

तिनं त्याला सगळं सांगितलं. साधूंचं नाव ऐकल्यावर त्यानं लक्ष देऊन ऐकलं.

"म्हणजे वर्षभर मासे नाहीत."

"नाहीत. ओट आहेत."

"आणि पुढच्या ऑक्टोबरात परत पाणी."

"ऑक्टोबरात मी फळ्या घालते. मार्चपर्यंत काठोकाठ."

त्यानं तळ्याकडे बघितलं. वारा नव्हता. "करा, आजी."

"असं तोंडी नाही. हातावर हात द्या. ऑक्टोबरात पाणी."

त्यानं हातमोजा काढला आणि हात दिला. साठ वर्षं जे कोणी दिलं नाही ते त्यानं एका मिनिटात दिलं. दुपारी रूझेनामावशी दुकानात आली, आईला म्हणाली, "द्राहा, रम काढ. पावसाची नको, चांगली."

"पावसाची कुठली गं?"

"तू पाणी घालतेस ती."

ऑक्टोबरात मासे निघाले. आम्ही सगळे पाळीवर, हातात चहा आणि चहात रम, खाली कमरेपर्यंत रबरी विजारी घातलेली माणसं जाळं ओढतायत. शेवटचा मासा निघाल्यावर दर वर्षी ती लगेच फळ्या घालायची. या वेळी त्या सगळ्या तिनं घासून, पुसून, पाळीवरच्या शेडमध्ये रचून ठेवल्या, आणि प्रत्येकीवर खडूनं आकडा घातला, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच क्रमानं जातील. हिवाळाभर मठाधीश उघडं पडलं होतं. गाळ गोठला, भेगाळला, त्यावर बर्फ बसलं, कोल्ह्यांच्या पावलांच्या रेघा उमटल्या.

एप्रिलमध्ये पेरणी. गाळावर ट्रॅक्टर बुडतो, म्हणून आमच्याकडे हातानं पेरायचं, बुटांना चौकोनी फळकुटं बांधून. ती जुनी फळकुटं तिनं माळ्यावर जपून ठेवली होती. ती, आई आणि मी, तिघी उतरलो. ओच्यात ओट.

आई दोन पावलांतच डगमगली. "म्हातारपणी नाचायला शिकवतेस होय गं मला?"

"नाचू नकोस, चाल. नाचलीस तर कमरेपर्यंत जाशील, मग तुला काढायला घोडे लागतील."

"आणि तू गेलीस तर?"

"मला कशाला काढताय? मी इथेच बरी."

असं बोलत बोलत दोन आठवडे आम्ही पेरत होतो. ती हात फिरवायची तेव्हा दाणे पंख्यासारखे पसरायचे. माझे एकाच जागी ढिगानं पडायचे. "कोंबड्यांना टाकतेयस काय?" ती ओरडायची. मला वाटतं, त्या दोन आठवड्यांत मी तिला जितकं हसताना बघितलं तितकं त्याआधी कधी नाही.

जुलैत ओट माझ्या खांद्याला लागले. निळसर हिरवे, आणि वारा आला की काठापासून काठापर्यंत लाट जायची. रविवारी लोक बियरचे पेले घेऊन पाळीवर येऊन बसत. हॉटेलचे पाहुणे फोटो काढत. हालूझानं तिला ओटांत उभं करून एक फोटो काढून घेतला आणि हॉटेलच्या पुस्तिकेत छापला. ती पुस्तिका तिनं आरशात खोवून ठेवली.

ऑगस्टच्या सुरुवातीला एक मोजणीदार आला. शहरातला, नीटस, पायांत पातळ बूट. हालूझा बरोबर होता. जिल्ह्याच्या कचेरीत तळ्याची नोंद अद्ययावत करायची आहे, असं त्यानं सांगितलं. रूझेनामावशीनं मोजणीदाराला ओटांतून वाट काढत तळाच्या मधोमध नेलं. मी पाठीमागून पाण्याची बाटली घेऊन चालले होते, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"जमीन दबते का?" त्यानं विचारलं.

"दबते?" ती जवळजवळ दुखावली. "टाच मारून बघा. दोन घोड्यांची भरलेली गाडी जाईल इथून. असा तळ तीन जिल्ह्यांत सापडायचा नाही."

त्यानं लिहून घेतलं.

"पीक बरं आलंय."

"बरं? बापाच्या वेळेपेक्षा चांगलं आलंय. यात काहीही लावा, येईल."

त्यानं लिहून घेतलं.

"पाणी आपोआप येतं का इथे? झरे वगैरे?"

"आपोआप काही येत नाही, बाळा. पाणी मी आणते. कालव्याचं दार मी उघडते तेव्हा ते येतं, नाही उघडलं तर येत नाही. इथलं थेंबन् थेंब आमच्या हातचं आहे."

तेही त्यानं लिहून घेतलं. संध्याकाळी हॉटेलच्या कचेरीतून कागद आला, तिच्याच वाक्यांचा, फक्त सरळ केलेल्या. जमीन टणक असून भार सहन करते. शेतीसाठी वापरात आहे. नैसर्गिक जलस्रोत नाही. चाळीस वर्षं राखणदार म्हणून काम केलेल्या व्यक्तीचं निवेदन. तिनं चष्मा लावून वाचलं. एक शब्दही खोटा नव्हता. तिनं सही केली, आणि खाली स्वतःहून जोडलं: पाच पिढ्या.

कापणीनंतर हालूझानं तळातच जेवण दिलं. चाळीस टेबलं, बँडवाल्यांसाठी लाकडी मंच, भाजलेलं डुक्कर. पूर्ण गाव आणि शहरातले कितीतरी पाहुणे. तिला मधल्या टेबलावर बसवलं. त्यानं ग्लास उचलून भाषण केलं, की ही बाई नसती तर आपल्याला आपल्या पायांखाली काय आहे हे कळलंच नसतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेबलांचे पाय कुठेही रुतले नाहीत. हे मला तेव्हा जाणवलं नाही; हालूझाला जाणवलं असणार.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी ती फळ्या घालायला गेली. शेडला नवं कुलूप होतं. फटीतून बघितलं तर आत खुर्च्या, लग्नातल्या, पांढऱ्या, एकात एक घातलेल्या. फळ्या नव्हत्या. ती तशीच गमबूट घालून हॉटेलात गेली, गालिच्यावरून, सरळ त्याच्या खोलीत.

"फळ्या कुठे आहेत?"

"बसा, आजी."

"बसत नाही. फळ्या कुठे आहेत?"

त्यानं टेबलावर एक नकाशा उलगडला. तळाच्या जागी हिरवळ, मध्ये मांडव, कडेला गोल्फची छोटी मैदानं. कोठारीतून येणारं पाणी बाजूच्या कालव्यानं वळवायचं. कचेरीतून मंजुरी आलेली होती. नोंदीत आता ते तळं नव्हतं.

"हातावर हात दिला होतात," ती म्हणाली.

"दिला होता. मनापासून दिला होता." तो खरंच ओशाळलेला दिसत होता असं तिनंच नंतर सांगितलं. "पण तेव्हा मला कुठे माहीत होतं, की तळ इतका चांगला आहे? तुम्हीच दाखवलंत."

नोव्हेंबरात ग्रामसभा झाली. सरपंचांनी विचारलं, कोणाची हरकत? रूझेनामावशी एकटी उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. ती म्हणाली, "पाणी भरायचं ठरलं होतं. मी बी पेरलं ते पाणी भरायच्या बोलीवर पेरलं. तुम्ही सगळ्यांनी बघितलंय." मग तिनं आमच्याकडे बघितलं. कोणीतरी खुर्ची सरकवली. हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला असलेला एक जण, तोंड वाईट करून पण बोललाच, "मावशी, मासा नाताळात एकदा खायचा असतो. पगार महिन्याच्या महिन्याला लागतो." आई तिच्या शेजारी बसली होती, इतक्या वर्षांची मैत्रीण. ती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मीही बसूनच होते. मी हॉटेलच्या कचेरीत सुट्टीत काम करत होते, पुढच्या वर्षाच्या फीचा प्रश्न होता. हे कारण मी तेव्हा स्वतःला सांगितलं आणि ते खरंही होतं.

वसंतात हिरवळ आली, गालिच्यासारखी गुंडाळून, ट्रकमधून. दोन दिवसांत मठाधीश हिरवं झालं. पण खालच्या टोकाला, पाळीजवळ, पाणी साचायला लागलं. मोरी तिथल्या तळापेक्षा हातभर उंच होती. मेमध्ये एका नवरीच्या बुटाची टाच रुतली आणि ती सगळ्या वऱ्हाडासमोर गुडघ्यांवर पडली. दुसऱ्या दिवशी हालूझा पाळीवरच्या घरी आला. ग्रामसभेनंतर पहिल्यांदाच. तिनं दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"साधूंनी सगळ्यात खालून एक नळी टाकलेली आहे ना? जुन्या कागदांत उल्लेख आहे. जागा दिलेली नाही."

"आहे नळी."

"कुठे?"

"पाणी भरा, मग सांगते."

त्यानं उसासा टाकला. "आजी, हे घर राखणदाराचं आहे. राखणदाराची जागा मी अजून रद्द केलेली नाही. मी तुम्हाला मदतच करतोय."

"रद्द करा," ती म्हणाली आणि दार लावलं.

ती नळी मोरीच्या खूप खाली होती, ओकच्या एकाच बुंध्यातून कोरलेली. शंभर वर्षांत एकदोनदा, गाळ धुवायला, तिचं टोपण उपटायचे. जागा फक्त राखणदाराला माहीत असायची. बापानं तिला दाखवली होती आणि तिला दाखवायला कोणी नव्हतं. गावात म्हणत होते, की म्हातारीनं आता बरोबर शेंडी पकडली आहे साहेबाची. आठवड्याभरात नोटीस आली: जूनअखेर घर रिकामं करावं. ती आईच्या दुकानातून रिकामी खोकी घेऊन गेली. आईनं मदत करू का विचारलं. ती म्हणाली, "हात दुखतील तुझे. बघून बघून."

जूनच्या मध्यावर आठवडाभर पाऊस लागला. वर चेला आणि कोठारी काठोकाठ भरली. हिरवळीच्या खालच्या टोकाला तर बदकं पोहायला लागली आणि शनिवारी लग्न होतं. मंगळवारी सकाळी खोदायचं यंत्र आलं. चालवणारा शेजारच्या तालुक्यातला होता. पुढचं मला त्यानंच सांगितलं, दोन महिन्यांनी, बियरच्या टेबलावर, त्याला गावातलं काही ठाऊक नव्हतं म्हणून.

त्याला सांगितलं होतं, पाळीच्या आतल्या बाजूनं खणत जा, कुठेतरी लाकडी नळी लागेल. त्यानं पहिला घास काढला, माती. दुसरा काढला, त्यात निळी चिकणमाती आली. तेवढ्यात पाळीवरच्या घरातून एक म्हातारी घरातल्या सपाता घालून धावत आली आणि यंत्राच्या दातांसमोर उभी राहिली.

"थांब! निळी माती आली ना? ती परत घाल. आत्ता घाल."

"आजी, बाजूला व्हा. नळी शोधायचीय."

"ती माती म्हणजे पाळीचं काळीज आहे, गाढवा. ती कापलीस आणि वरून कोठारी फुटलं, तर पाळ उभी राहायची नाही. खाली अकरा घरं आहेत."

"मग मी थोडं पुढे खणतो."

"पुढेही तीच आहे."

"मला संध्याकाळपर्यंत नळी शोधून काढायची आहे. इथे नसली तर पुढे, तिथे नसली तर आणखी पुढे. पूर्ण पाळ खणा म्हणालेत साहेब."

पाऊस पडत होता. म्हातारीनं खाली आळीकडे बघितलं. मग म्हणाली, "आधी हे बुजव. पायांनी तुडवून बुजव, यंत्रानं नाही." त्यानं बुजवलं. ती स्वतःही सपातांनी तुडवत होती. मग ती पाळीवर चढली, तिथल्या लिंडनच्या झाडांपैकी एकाला पाठ लावली, पावलं मोजत खाली आली आणि चिखलात टाच रोवली.

"इथे. दीड पुरुष खाली. हळू काढ. तोंडावर टोपण आहे, ते फोडू नकोस, साखळी लावून सरळ उपट."

साखळी लागली. टोपण निघताना, तो म्हणाला, असा आवाज झाला, की त्यानं यंत्र सोडून मागे उडी मारली. मग काळं पाणी पाळीच्या पलीकडे ओढ्यात पडायला लागलं. म्हातारी ते संपेपर्यंत उभी होती. दुपारी चार वाजता शेवटचं बदक उठलं. त्यानं तिला घरी सोडू का विचारलं, तर ती म्हणाली, घर हे समोरच आहे.

शनिवारचं लग्न कोरड्या हिरवळीवर झालं. सोमवारी हालूझा फुलं आणि कागद घेऊन तिच्याकडे गेला. नोटीस रद्द, हयात असेपर्यंत घर तिचं. तिची खोकी अजून बांधलेलीच होती. ती कुठे जाणार होती, हे तिलाही नीट माहीत नव्हतं. नवरा वारला होता, मूल नव्हतं. तिनं खोकी सोडली.

आणि गावात बातमी झाली, की तिनं नळी दाखवली आणि घर घेतलं. बुधवारी ती दुकानात आली तेव्हा चार बायका होत्या. एकदम सगळ्या आपापल्या पिशव्यांत बघायला लागल्या. आईनं पाव कागदात गुंडाळला, नेहमीपेक्षा जास्त नीट, आणि न बघता म्हणाली, "चला, तुझं घर तर राहिलं."

"राहिलं," रूझेनामावशी म्हणाली.

"नाही, बरंच झालं. ग्रामसभेत आम्हाला मात्र तू चोरासारखं उभं केलं होतंस." आईचा आवाज चढत गेला. "पाणी भरा, पाणी भरा! आणि शेवटी नळी कोणी दाखवली? आधीच घर मागून घेतलं असतंस तर आम्हाला खाली मान घालून बसावं तरी लागलं नसतं."

मला वाटलं, आता ती बोलेल. तिची जीभ साऱ्या गावाला माहीत होती. तिनं फक्त विचारलं, "पाव आजचा आहे ना?" आणि गेली.

यंत्रवाल्याकडून सगळं कळलं त्या दिवशी मी धावतच घरी आले. आई पडवीत शेंगा सोलत होती. मी तिला निळ्या मातीचं सांगितलं, सपातांचं सांगितलं, अकरा घरांचं सांगितलं, त्यात आपलं तिसरं हेही सांगितलं. आई ऐकत होती. तिचे हात थांबले. क्षणभर मला तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं आणि मला वाटलं, आता ती उठेल, ओढणी डोक्याला बांधेल आणि पाळीवर जाईल.

मग तिनं पुढची शेंग उचलली.

"असेल तसं," ती म्हणाली. "पण घर मिळालंच ना तिला?"

मी स्वतः पाळीवर गेले, पण आठवड्यानं. रूझेनामावशीनं दार उघडलं, कॉफी दिली, परीक्षेचं विचारलं. तळ्याकडच्या खिडकीला तिनं जाड पडदा लावला होता. खोलीत भर दुपारी दिवा होता. मला सगळं कळलंय असं मी म्हटलं. तिनं माझ्या कपात साखर घातली. "कळलं तर कळलं. तुझी फी भरली का?"

आता ती पाव आमच्याकडून घेत नाही. शेजारच्या गावच्या बेकरीची गाडी मंगळवारी आणि शुक्रवारी फाट्यावर येते, तिथून घेते. मधल्या दिवसांत शिळा खाते.